साडेबारा तलावांतला अर्धा

हल्ली आमच्या नात्यागोत्यातलं कुणीही युरोपला गेलं की इटलीतल्या कोमो तळ्याच्या काठावरून फोटो पाठवतं. तळं निळं, डोंगर हिरवे, घरं पिवळी आणि या सगळ्याच्या पुढ्यात उन्हानं लालबुंद झालेला आपला माणूस. २०१८ साली दीपिका आणि रणवीरनं त्या काठावरच्या एका जुन्या व्हिलात लग्न लावलं, तेव्हापासून तर हे फारच वाढलंय. बेलाजिओ, वरेना, मेनाजिओ ही नावं आमच्या घरात आता शिरवळ-खंडाळ्याइतक्या सहज घेतली जातात. बोटीत बसायचं, समोरच्या काठावरच्या गावात उतरायचं, जुनं चर्च बघायचं, आइस्क्रीम खायचं, पुन्हा बोटीत बसायचं. फोटोखाली हमखास एक ओळ असते: आपल्याकडे असं का नाही?

या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. माझी सासुरवाडी धारची आहे. सासुरवाडीची बढाई मारणारा जावई कुणाला आवडत नाही, सासुरवाडीलासुद्धा.

धारला साडेबारा तलाव आहेत. बारा नाहीत, तेरा नाहीत, साडेबारा. परमार राजांनी हजारेक वर्षांपूर्वी ते बांधले आणि एक भरला की त्याचं पाणी दुसऱ्यात जाईल अशी व्यवस्था केली, असं धारकर सांगतात. सांगताना हातवारे असे करतात की भोजराजाच्या वेळी मुकादम म्हणून हेच उभे होते की काय असं वाटावं. मुंजसागर, देवीसागर, नटनागरा, ब्रह्मकुंडी ही नावं पटापट येतात. मग वेग मंदावतो. सातव्या-आठव्यापाशी बोट अडतं, आतल्या खोलीत कुणाला तरी हाक जाते, तिथून एखादं नाव येतं, ते आधीच मोजून झालेलं असतं. आणि अर्धा कुठला असं विचारलं, तर मात्र घरात एकदम उत्साह संचारतो.

मी विचारलं होतं. मामेसासरे ऐंशीच्या घरातले, सगळा जन्म धारमध्ये काढलेले. म्हणाले, “जावईबापू, अर्धा म्हणजे ब्रह्मकुंडी. कुंड आहे ते. त्याला पूरा तालाब कोण म्हणेल?”

“काहीतरीच सांगून राहिला आहेस तू,” सासूबाई आतून म्हणाल्या. “अर्धा म्हणजे जो नुसता बरसातीत भरायचा तो. आमच्या शाळेमागचा. तिथे आता कॉलनी होऊन गेली.”

शेजारचे वकीलसाहेब सकाळचं वर्तमानपत्र परत करायला आले होते. त्यांनी उभ्याउभ्या निकाल दिला की तेरावा तलाव निम्मा बांधून झाला तेवढ्यात राजा वारला, आणि नव्या राजानं पैसे दिले नाहीत. “ठेकेदाराचं बिल अडकलं, साहेब. दुसरं काय.” त्यांच्या सगळ्या प्रकरणांचा शेवट बहुधा असाच होत असावा.

तीन मतं, तिन्ही ठाम, आणि तिघांनाही दुसऱ्याचं पटवून घ्यायची मुळीच घाई नाही. तेवढ्यात पोहे आले. माळव्यातले पोहे म्हणजे वर शेव, कच्चा कांदा, लिंबू आणि चिमटीभर जिरावन, शेजारी जिलबी. जिरावन हा जिरे-धने-आमचूर वगैरेंचा मसाला. माळव्यातून पुण्याला परतणाऱ्या प्रत्येक सुनेच्या बॅगेत त्याची एक पुडी असतेच आणि महिनाभर बाकीच्या कपड्यांना तिचा वास येत राहतो. अर्ध्या तलावाचा विषय जिलबीपाशी थांबला, म्हणजे पुढच्या वेळेपुरता तहकूब झाला.

तसं मराठी माणसाला अर्ध्याचं नवल वाटायला नको. आपले मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीन. मुहूर्तांतला अर्धा पाडव्याचा की अक्षय्य तृतीयेचा, यावर अजून एकमत नाही. वणीची सप्तशृंगी अर्धं पीठ, पण गडावरच्या गर्दीत तसं म्हणून बघा. आणि शहाण्यांतले पूर्ण तीन कोण असं विचारलं तर सखारामबापू, देवाजीपंत, विठ्ठल सुंदर ही नावं सांगणारा माणूस विरळा. अर्धा मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो, तो नाना फडणवीस. पूर्ण असण्यापेक्षा अर्ध्यानं राहण्यात जास्त नाव होतं, असा आपला इतिहास सांगतो.

कोमोचं तळं असं अर्धं असू शकत नाही. ते हिमनद्यांनी कोरलंय, चारशे मीटरच्या वर खोल आहे आणि त्यासाठी कुणाच्याही बापजाद्यानं पाटी उचललेली नाही. अर्धा तलाव व्हायला माणूस लागतो. खणणारा, हिशेब चुकवणारा, मध्येच मरणारा, पुढे कधीतरी त्यात भराव टाकून प्लॉट पाडणारा. म्हणून इटलीच्या तळ्याकाठी माणूस नुसता बघत उभा राहतो, आणि धारमध्ये कुठल्याही तलावाच्या काठी उभं राहिलं की पाच मिनिटांत कुणीतरी येऊन हा कुणी बांधला, कुणी बिघडवला आणि खरं म्हणजे काय करायला हवं ते सांगू लागतो.

मुंजसागराच्या काठी मला असं सांगणारी बाई शिंगाडे विकत होती. हिवाळ्याच्या तोंडाशी माळव्यातल्या तलावांत शिंगाड्याचे वेल पसरतात. उकडलेले शिंगाडे वरून काळेकुट्ट, दोन्ही बाजूंना शिंगं, गोणपाटावर ढीग लावलेला, आणि तिच्या हातातली छोटी सुरी एकेकाचं टरफल दोन झटक्यांत उतरवते. आत पांढरा, किंचित गोड, पिठूळ गर. शिंगाडा फार झाला की पाणी सडतं आणि न लावला तर लोक कचरा टाकतात, असं तिचं म्हणणं. तलावाच्या व्यवस्थापनावर याहून थोडक्यात आणि याहून मुद्द्याचं मी काही ऐकलेलं नाही. तिनं वजनात मात्र काटा माझ्या बाजूला झुकू दिला नाही.

ज्याचं नाव या पाण्याला आहे तो वाक्पती मुंज हा भोजाचा चुलता. दहाव्या शतकातला. कवी, दाता, तलाव बांधणारा. दख्खनच्या चालुक्य तैलपाला त्यानं सहा वेळा हरवलं असं मेरुतुंगाचार्य ‘प्रबंधचिंतामणी’त सांगतो. पुढच्या स्वारीच्या वेळी रुद्रादित्य प्रधानानं परोपरीनं विनवलं की काय वाटेल ते करा, पण गोदावरी ओलांडू नका. पाणी अडवण्यात ज्याची हयात गेली त्याला एक नदी ओलांडायची काय भीती? मुंज उतरून आला आणि तैलपाच्या कैदेत पडला. तिथं त्याची मर्जी तैलपाच्या बहिणीवर, मृणालवतीवर बसली. सुटकेचा बेत ठरला तेव्हा त्यानं तो तिला सांगितला आणि तिनं भावाला. पुढचं फार वाईट आहे. ही गोष्ट मी सासुरवाडीत सांगायला घेतली तेव्हा बायको म्हणाली, “तुमच्या दख्खनची मुलगी ती. आमच्या राजाचं काय चुकलं?” धारची माणसं हजार वर्षांनंतरही आपल्या बाजूनं उभी राहतात. गोदावरीच्या अलीकडच्या माणसानं तिथं जपून बोलावं.

भोजाचं राज्य अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. त्याचा सगळ्यात मोठा तलाव धारमध्ये नव्हे, भोजपूरला, भोपाळच्या जवळ. मैलोन्‌मैल पसरलेलं ते पाणी मांडूच्या होशंगशाहानं बांध फोडून सोडून दिलं. बांध फोडायला फौजेला तीन महिने लागले, पाणी ओसरायला तीन वर्षं आणि तळाची जमीन राहण्याजोगी व्हायला तीस वर्षं, अशी दंतकथा आहे. होशंगशाहाचं दुसरं मोठं काम म्हणजे त्यानं राजधानी धारहून मांडूला हलवली. आपण उगाच आनंदीबाईला नावं ठेवतो. माळव्यात पहिला ‘ध चा मा’ होशंगशाहानं केला, तिच्या साडेतीनशे वर्षं आधी. योगायोग असा की नारायणरावाच्या खुनानंतर आनंदीबाई आसऱ्याला आली ती धारच्याच किल्ल्यात, आणि १७७५च्या जानेवारीत शेवटच्या बाजीरावाचा जन्म झाला तोही तिथंच. तोपर्यंत पवारांचा अंमल बसून चाळीसेक वर्षं झाली होती, गादी मांडूहून परत धारला आली होती. पवारांनी निमूटपणे मा चा पुन्हा ध केला, पण त्याची म्हण झाली नाही. चांगल्या कामाची होत नाही.

धारहून मांडू पस्तीस किलोमीटरवर. वाटेत गोरखचिंचेची झाडं लागतात. आफ्रिकेतलं झाड, बुंधा हत्तीच्या पोटासारखा फुगलेला, वर पसरलेल्या चार काटक्या. इथले लोक त्याच्या फळाला खुरासानी इमली म्हणतात. वीतभर लांबीचं, मखमली सालीचं फळ दगडावर आपटून फोडायचं, आतला पांढरा कोरडा आंबट गर जिभेवर ठेवला की तो खडूसारखा विरतो आणि मग एकदम डोळे मिटवतो. विकणाऱ्या मुलानं सांगितलं की हे खाल्लं की तहान लागत नाही. मला ताबडतोब लागली.

तहानेचा विषय मांडूत नवा नाही. एवढ्या उंचावर, चहूबाजूंनी दरी, नदी नाही; आणि तिथं सुलतानांना वसवायचं होतं ‘शादियाबाद’, आनंदाचं शहर. मग पाऊस धरायचा, दुसरा इलाज नाही. तलाव, कुंडं, बावड्या, छतावरून निघालेल्या पन्हळी. जहाजमहाल त्या खटाटोपातूनच तरंगतो. एका अंगाला मुंज तलाव, दुसऱ्या अंगाला कपूर तलाव, मधे सुमारे १२० मीटर लांबीची चिंचोळी इमारत. पाणी भरलं की ती नांगर टाकून उभी आहे असं वाटतं. माणसं वरून खाली बघतात आणि फोटो काढून निघतात. आम्ही गच्चीवर वाकून बसलो होतो, कारण माझ्या बायकोला तिथली पन्हळ दाखवायची होती.

ती पन्हळ बघावी अशीच आहे. पावसाचं पाणी कुंडात न्यायचं, सरळ नेलं असतं तर दोन पावलांचं काम. कारागिरानं दगडात आधी डावीकडे एक वेटोळं कोरलंय, मग उलटं फिरून उजवीकडे दुसरं, मग कुठे पाणी पुढे सरकतं. फिरता फिरता वेग मोडावा आणि गाळ मागे राहावा म्हणून, असं सांगतात. तेवढ्यासाठी इतकी सुबक वळणं लागत नाहीत. ज्यानं ती कोरली त्याला पाण्याला थोडं खेळवायचं होतं, असं माझं मत आहे. बायकोनं इकडेतिकडे पाहिलं आणि बाटलीतलं पाणी ओतलं. पाणी डावीकडे गेलं, फिरलं, थबकलं, उजवीकडे वळलं. तेवढ्यात पहारेकरी ओरडत आला. “बाईसाब, ये अलाउड नहीं है!” मग त्यानंही वाकून बघितलं, पाणी पुरेसं नाही म्हणून हळहळला आणि म्हणाला की बरसातमध्ये या, तेव्हा हे आपोआप चालतं.

हा महाल ज्याच्या काळातला मानतात तो घियासुद्दीन खिलजी १४६९ साली गादीवर आला आणि बापानं लढाया पुष्कळ केल्या, आता आपण जरा आरामात जगू म्हणाला. त्याच्या जनानखान्यात पंधरा हजार स्त्रिया होत्या असं जुने इतिहासकार लिहितात. त्या सगळ्यांना जहाजमहालात बसवलं तर दर चौरस मीटरला आठ जणी येतात. म्हणजे आनंदाचं शहर म्हणावं तर ती संध्याकाळची विरार लोकल झाली. बाकीच्या बऱ्याच इमारती त्यासाठीच असाव्यात. पण मला घियासुद्दीन आवडतो तो त्याच्या पाककृतींच्या पोथीमुळे. ‘निमतनामा’ हे तिचं नाव. त्याच्या उतारवयात सुरू झाली, मुलाच्या काळात पुरी झाली, आणि आता लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. चित्रांतून भल्यामोठ्या मिशांचे सुलतान चुलीपाशी बसलेले, भोवती बायका कढया ढवळतायत, आणि मजकुरात समोसे, खिरी, विडे, अत्तरं आणि काही शक्तिवर्धक गोष्टी. तीस वर्षं राज्य करून समोशांचे प्रकार मागे ठेवणारा राजा इतिहासात दुसरा असल्यास मला कळवावं.

त्याच्या मुलाची, नासिरुद्दीनची, गोष्ट जहांगीर बादशहा आपल्या आठवणींत सांगतो. बापाला विष देऊन गादीवर बसलेला हा मुलगा एकदा उज्जैनजवळ कालियादहच्या पाण्यात दारूच्या नशेत पडला. दासींनी केसांना धरून बाहेर काढलं. शुद्धीवर आल्यावर, आपल्या केसांना हात लावला म्हणून त्यानं त्या हातांनाच शिक्षा दिली. पुढच्या वेळी पडला तेव्हा कुणीही हात पुढे केला नाही. जहांगीर १६१७ साली मांडूला आला, तेव्हा त्यानं या नासिरुद्दीनच्या थडग्याला लाथा मारल्या आणि बरोबरच्यांनाही मारायला लावल्या. मग हाडं उकरून जाळावी असं त्याच्या मनात आलं, पण अग्नी पवित्र, तो का विटाळावा. म्हणून ती नर्मदेत टाकायला सांगितली. नर्मदेला कुणी विचारलं नाही. त्याच मुक्कामात नूरजहाननं तलावांच्या काठाकाठानं दिवे लावून मोठी मेजवानी दिली, आणि सगळं पाणी पेटल्यासारखं दिसत होतं असं वर्णन बादशहानं हौसेनं केलंय.

त्याच वर्षी इंग्रजांचा वकील सर टॉमस रो मांडूत बादशहाच्या मागे फिरत होता आणि त्याच्या लिखाणात दिवे नाहीत, पाण्याची चणचण आहे. एवढा लवाजमा डोंगरावर चढल्यावर दुसरं काय होणार? रात्री अंगणातून सिंह शेळ्यामेंढ्या उचलून न्यायचा आणि सिंह मारायचा हक्क फक्त बादशहाचा, म्हणून रोनं रीतसर परवानगी मागवली. रोच्या गोतावळ्यात तेव्हा टॉम कॉर्येट नावाचा एक वल्ली होता. हा आधी इटलीत हिंडला, त्या प्रवासावर मोठं पुस्तक लिहिलं, तिथं लोक काट्यानं जेवतात ते पाहून स्वतः काटा वापरू लागला आणि इंग्लंडमध्ये त्यावरून त्याची टर उडाली. मग तो जेरुसलेमहून पायी हिंदुस्थानात आला. अलेप्पोपासून मोगल दरबारापर्यंतच्या वाटचालीत एकूण तीन पौंड खर्च झाले, आणि त्यातलेही दहा शिलिंग लोकांनी फसवून घेतले, असा त्याचा हिशेब. हा हिशेब वाचून मला फार आपलेपणा वाटला. मांडूनंतर तो सुरतेला गेला आणि त्याच डिसेंबरात वारला. इटलीची गावं आणि मांडूचे तलाव एकाच जन्मात, आणि तेही बहुतेक चालत पाहिलेला दुसरा माणूस मला माहीत नाही. त्याला फोटो पाठवायची सोय नव्हती, हे एका परीनं बरं झालं.

रूपमती-बाजबहादूरची गोष्ट मी गाळतो. ती ऐकायची असेल तर मांडूच्या बसथांब्यावर उतरा. गाडी थांबायच्या आत कुणीतरी सुरू करतं.

धारहून देवास शंभरेक किलोमीटर, मधे इंदूर. धार एका पवार घराण्याचं, देवास दुसऱ्या पवारांचं. तुकोजी आणि जिवाजी हे दोघे भाऊ. अठराव्या शतकात दोघांनी मिळून देवास घेतलं आणि त्याचे दोन हिस्से झाले: थोरली पाती, धाकटी पाती. एका गावात दोन महाराज, दोन राजवाडे, दोन दरबार, दोन दिवाण. रस्त्याच्या या बाजूला एकाचा अंमल, त्या बाजूला दुसऱ्याचा. दोन भावांच्या वाटणीत भिंत नेमकी कुठून घालायची यावर ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अबोला आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. १९४८ साली दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली.

गंमत अशी की गावाच्या टेकडीवर देवीसुद्धा दोन आहेत. थोरली तुळजाभवानी, धाकटी चामुंडा. बड़ी माता आणि छोटी माता. दोघी बहिणी, एकदा भांडल्या. थोरली रागानं पाताळात निघाली, धाकटी टेकडी उतरू लागली. हनुमान आणि भैरव मधे पडले, हातापाया पडून थांबवलं, तोवर थोरली निम्मी आत गेली होती. ती तशीच राहिली. मराठी सुभेदारांनी मराठी देवीचं नाव घेऊन नांदवलेली ही बहीण आणि तिच्या पायथ्याशी दोन महाराज. गावाचा स्वभाव देवीवर गेला की देवीची गोष्ट गावावरून रचली हे आता कुणी सांगू शकणार नाही. वर जायला रोपवे झालाय. रिक्षावाल्यानं पहिला प्रश्न विचारला तो कुठल्या मातेचं दर्शन आधी घेणार हा. हा प्रश्न देवासमध्ये बहुधा दोनशे वर्षं विचारला जातोय, फक्त मातेच्या जागी महाराज असत.

देवासचा मीठा तालाब शहराला लागूनच आहे, काठाजवळ पवारांच्या छत्र्या. छत्री म्हणजे इथं समाधीवरची देखणी वास्तू, मराठी वळणाच्या कमानी आणि महिरपींची. संध्याकाळी तिथं लोक फिरायला येतात, शेंगदाणे खातात, मुलांना पाण्याजवळ जाऊ नको म्हणून ओरडतात. बेलाजिओलाही हेच करत असणार.

थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांकडे, म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या जावयाकडे, १९२१ साली एक इंग्रज खाजगी सचिव म्हणून सहा महिने राहिला. ई. एम. फॉर्स्टर. तोवर त्याच्या कादंबऱ्यांत इटली होती. १९०५ची इटलीतली, १९०८ची निम्मी इटलीतली. हिंदुस्थानावरची कादंबरी त्यानं सुरू केली होती आणि ती अर्ध्यावर अडली होती. इथं त्याच्याकडे बागा, मोटारी, विजेचं यंत्र असली खाती आली. यातलं त्याला काही येत नव्हतं आणि महाराजांनाही त्यानं काही करावं अशी फार अपेक्षा नव्हती, असं ‘द हिल ऑफ देवी’ वाचताना वाटतं. ते पुस्तक १९५३ चं. त्याच्या नावातली देवी ती हीच टेकडीवरची. सचिवाच्या नोकरीचं त्याला जे काही मिळालं ते गोकुळाष्टमीला मिळालं. रात्रंदिवस भजन, गुलाल, तुपकट प्रसाद, गोंधळ, महाराज स्वतः नाचतायत, आणि शेवटी मिरवणुकीनं नेलेलं मातीचं गोकुळ तलावात सोडणं. हा गडी बुचकळ्यात पडला, चिडला, पाय दुखले म्हणून कुरकुरला, आणि सगळं घरी पत्रांतून कळवलं. ‘अ पॅसेज टु इंडिया’ १९२४ साली आली तेव्हा तिच्या शेवटच्या भागात मऊ नावाचं संस्थान होतं, गोकुळाष्टमी होती आणि एक तलाव होता; दोन नावा एकमेकींवर आपटतात, गोकुळाच्या ताटासकट सगळे पाण्यात पडतात. इटलीहून आलेल्या कादंबरीकाराची अडलेली नाव देवासच्या तलावात पुढे सरकली. वाट्याला आलेली खाती त्याला सांभाळता आली की नाही याची नोंद संस्थानाच्या दप्तरात असेल.

याच गावात १९४८च्या जानेवारीत कुमार गंधर्व आले. क्षयरोग, एक फुफ्फुस जवळजवळ निकामी, गाणं बंद. कोरडी हवा चांगली म्हणून हे गाव. बिछान्यावर पडल्यापडल्या रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी कानावर पडत राहिली, आणि पाचेक वर्षांनी हा माणूस पुन्हा गायला बसला तेव्हा त्या गाण्यांनीच त्याच्या गाण्याची चाल बदलून टाकली होती. टेकडीच्या पायथ्याशी ‘भानुकुल’ आहे. त्याच्या फाटकाशी उभं राहून मी फार काही बोलणार नाही. कुमारांवर बोलणारे पुण्यात दर चौकात आहेत.

देवासमध्ये नोटा छापतात. बँक नोट प्रेस तिथं आहे. आणि याच देवासमध्ये १९९० च्या उन्हाळ्यात पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं. इंदूरहून पन्नास टँकर पाणी घेऊन गाडी आली, मंत्री स्टेशनवर हजर राहिले, ढोल-नगारे वाजवून पाण्याचं स्वागत झालं. अनुपम मिश्र यांनी ‘आज भी खरे हैं तालाब’ या १९९३च्या पुस्तकात हे लिहून ठेवलंय. आधीच्या तीस वर्षांत गावातले छोटेमोठे तलाव बुजवून त्यावर घरं आणि कारखाने झाले होते. शेतांत कूपनलिका खाली खाली जात राहिल्या. ढोल वाजवण्यासारखं त्यात काय होतं, हे मला कळलेलं नाही. पण ढोल वाजवणाऱ्यांनाही त्या दिवशी पाणी मिळालं असेल, तेवढं समाधान.

मग २००६ च्या सुमारास देवास जिल्ह्यात शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात तलाव खणायला घेतले. तेव्हाच्या कलेक्टरांनी गावोगाव बसून हिशेब मांडला: शेताचा दहावा हिस्सा पाण्याला द्या, बाकीच्या नऊ हिश्शांत दोन पिकं घ्या. शेतकऱ्याला ‘भगीरथ कृषक’ म्हणायचं आणि तलावाला ‘रेवासागर’. हजारोंनी झाले. नकाशात पाहिलं तर आता काही गावांभोवती निळे ठिपकेच ठिपके दिसतात. एकाच नावाचे. पोस्टमनला यातलं काही पोचवायचं नसतं हे बरं.

बायकोच्या मावसबहिणीच्या यजमानांच्या ओळखीचा एक शेतकरी आम्हाला आपला तलाव दाखवायला घेऊन गेला. माळव्याची काळी माती, खणून काढलेल्या मातीचा चारी बाजूंना उंच बांध, त्यावर तूर लावलेली. पाण्यावर बदकं उतरली होती, काठाला दोन बगळे. मी पाण्याकडे बघत उभा राहिलो. तो माझ्या मागे शेताकडे बघत उभा होता.

“छान आहे,” मी म्हणालो.

“छान तर आहे,” तो म्हणाला, “पण पाणी झालं तेव्हापासून रोजडे येऊन राहिले, भाईसाब. पाणी पितात ते पितात, वर हरभरा खाऊन जातात.” नीलगाईंचा कळप रात्री येतो, बांधावरून उडी मारतो, शेंगा धरायच्या आत शेंडे खुडतो. त्यानं पायानं चार पावलांचे ठसे दाखवले, त्यातला एक तर आमच्या चपलेएवढा. जाळीचं कुंपण करायला किती खर्च येतो, सरकार त्यातले किती देतं आणि ते मिळायला किती चकरा माराव्या लागतात हे त्यानं तपशीलवार सांगितलं.

“तलावालाच का नाही घालत कुंपण?” बायकोनं विचारलं. “पाणीच मिळालं नाही तर येणार नाहीत.”

“तलावाला कशाला, दीदी?” तो म्हणाला. “पाण्यावर कुणी हक्क सांगत नाही. हरभऱ्याला घालायचं.” आणि त्यानं मला टेपचं एक टोक धरायला देऊन शेताची लांबी मोजायला सुरुवात केली.